‘टू हॅव अँड टू होल्ड’चं मराठी कोण नीट करून देतं? तहसिलीच्या आवारातली दस्त-भाषांतर सेवा

जुन्या इंग्रजी दस्ताचं मराठी करून देणारे विदर्भात कुठल्याही तहसिलीच्या आवारात सापडतात. टिनाच्या शेडखाली टेबल, टेबलावर संगणक, बाजूला झेरॉक्स मशीन आणि काचेवर चिकटवलेला कागद: ‘सातबारा, फेरफार, प्रतिज्ञापत्र, भाषांतर’. गिऱ्हाईक ठरलेलं. भावांची वाटणी अडली आहे, बँकेच्या वकिलानं तीस वर्षांच्या मागचा दस्त मागितला आहे, भूसंपादनाचा मोबदला कोणाच्या नावानं निघावा यावर हरकत आली आहे, किंवा वर्ग-२ ची, म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेली जमीन वर्ग-१, म्हणजे बिनबंधनाची करायची आहे. पेटीतून आजोबांच्या काळचं इंग्रजी खरेदीखत निघतं आणि घरात ते कोणालाच पूर्ण वाचता येत नाही.

ही सेवा तीन रूपांत मिळते. झेरॉक्सवाल्याकडचा टायपिस्ट, जुना अर्जनवीस किंवा दस्तलेखक, आणि हातातल्या मोबाइलचं भाषांतर-ॲप. तिघांची पारख करायला संपूर्ण दस्त तपासावा लागत नाही. जमीन ‘धरण्या’चे जे सात-आठ जुने शब्द प्रत्येक दस्तात येतात, तेवढे पाहिले तरी काम कळतं. इंग्रजीत धरण्याचे शब्द तीन घराण्यांतून आले. ‘होल्ड’ अस्सल इंग्रजी, ‘टेनंट’, ‘टेन्युअर’, ‘टेनेमेंट’ हे लॅटिन ‘तेनेरे’पासून, म्हणजे धरणे, आणि ‘सीझिन’ नॉर्मन फ्रेंचांनी आणलेला. आपल्याकडेही ताबा, कब्जा, वहिवाट, भोगवटा, धारणा असे पाच शब्द पाच वेगळ्या अर्थांनी आहेत. कोणत्या होल्डला कोणता शब्द, एवढंच या धंद्याचं कसब. झेरॉक्सवाला सगळीकडे ‘ताबा’ टाकतो.

‘सीझ्ड अँड पझेस्ड ऑफ’ हे शब्द बहुधा पहिल्याच परिच्छेदात येतात. विकणारा सांगतो आहे, की या वावराचा मी मालकीहक्कानं धनी आहे आणि कब्जाही माझाच आहे. ॲपला मात्र ‘सीझ्ड’ म्हटलं की पोलीसच आठवतात, आणि ते ‘जप्त केलेली मालमत्ता’ लिहून मोकळं होतं. टायपिस्टही बऱ्याचदा ॲपचंच उत्तर उचलतो. मग बँकेत कागद गेला की ‘जप्ती कशाची होती, उठली कधी, आदेश आणा’ अशी विचारणा सुरू होते, जी जप्ती कधी झालीच नव्हती. बरोबर मराठी साधं आहे: ‘मालकी व कब्जेवहिवाटीची’. अर्जनवीसाच्या हाताखाली हा शब्द सहसा चुकत नाही, कारण मराठी खरेदीखतात तो रोज हेच लिहीत असतो. याच जातीची आणखी एक गंमत: ‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स’मधल्या ‘प्रेझेंट्स’ची भेटवस्तू होते. तिथे अर्थ ‘या लेखाने’ एवढाच. पण त्यानं कोणाचं नुकसान होत नाही, फक्त हसू येतं.

‘टू हॅव अँड टू होल्ड द सेम अनटू द पर्चेसर, हिज एअर्स अँड असाइन्स फॉरएव्हर’ हे वाक्य दस्ताचा कणा आहे. कायद्याच्या भाषेत ‘टू हॅव’च्या भागाला हबेंडम म्हणतात आणि ‘टू होल्ड’च्या भागाला टेनेंडम. पहिल्यानं घेणाऱ्याला किती आणि केवढ्या काळासाठी हक्क मिळाला ते ठरतं. दुसऱ्यानं एके काळी ती जमीन कोणत्या सरदाराखाली धरायची ते सांगितलं जाई. इंग्लंडमध्ये १२९० च्या ‘क्विया एम्प्टोरेस’ कायद्यानं विकत घेणारा थेट वरच्या धन्याखाली गेला आणि टेनेंडमचं काम संपलं. शब्द मात्र सहाशे-सातशे वर्षं तसाच चालत राहिला आणि वऱ्हाड-नागपूरच्या स्टॅम्पपेपरवर येऊन बसला. त्यामुळे ‘असणे आणि धरणे’ असं शब्दाला शब्द मराठी करण्यात अर्थ नाही. आपल्या दस्तांची स्वतःची घडण आहे: ‘सदर मिळकतीचा तुम्ही व तुमचे वालीवारस यांनी वंशपरंपरा मालकीहक्काने उपभोग घ्यावा’. चांगला भाषांतरकार इथे हीच ओळ वापरतो, पण दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवून. ‘फॉरएव्हर’ नसून ‘फॉर अँड ड्युरिंग हर लाइफ’ असेल, तर ती विधवेला हयातीपुरती दिलेली जमीन आहे, आणि तिथे सवयीनं ‘वंशपरंपरा’ पडलं की वारसांचं गणितच उलटतं. ‘असाइन्स’, म्हणजे घेणारा पुढे ज्यांना हक्क देईल ते, हा शब्द मुळात नसेल तर तो मराठीत घुसडू नये. सवयीचा साचा ही अर्जनवीसाची ताकद आहे, आणि त्याची खोडही तिथेच आहे.

आता ‘होल्डिंग’ आणि ‘टेनंट’. विदर्भातल्या दस्तात सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

दस्त वाचण्याआधी मौजा कोणत्या जिल्ह्यातला ते विचारायला हवं. जो भाषांतरकार हे विचारत नाही, त्याच्याकडून कागद परत घ्यावा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा मध्य प्रांताचा भाग (आजचे गोंदिया आणि गडचिरोली त्यातूनच निघाले); तिथे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा सरकारला भरणारा मालगुजार हाच गावाचा मालक. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि आजचं वाशीम म्हणजे वऱ्हाड. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेलं, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं, पण जमिनीची पद्धत मुंबईच्या वळणाची रयतवारी. कारभार एक झाला तरी जमिनीचे शब्द एक झाले नाहीत. वऱ्हाडच्या कागदात ‘ऑक्युपंट’ म्हणजे सरकारला थेट सारा भरणारा खातेदार. नागपूरकडच्या कागदात ‘ऑक्युपन्सी टेनंट’ म्हणजे मालगुजाराखालचा कायम हक्काचा कास्तकार. शब्द जवळपास तोच, पण माणूस एक पायरी खाली.

त्यातही नागपूरकडे उतरंड होती. ‘मालिक मकबुजा’ म्हणजे गावाचा मालगुजार नसलेला, पण आपल्या तुकड्याचा मालक. त्याखाली ‘ॲब्सोल्यूट ऑक्युपन्सी टेनंट’. त्याला जमीन हस्तांतर करायची बरीच मोकळीक. त्याखाली ‘ऑक्युपन्सी टेनंट’; त्याच्यावर हस्तांतराची बंधनं. १८९८ आणि १९२० चे टेनन्सी कायदे या वर्गांभोवतीच फिरतात, आणि त्यांत ‘होल्डिंग’ म्हणजे एका जमीनमालकाकडून एकाच शर्तींवर धरलेली जमीन, मग ती चार खसरा नंबरांत, म्हणजे चार वेगळ्या तुकड्यांत, विखुरलेली का असेना. म्हणजे ‘होल्डिंग’ हे सलग वावर नव्हे. टायपिस्ट ‘एक शेत’ लिहितो आणि चारांपैकी तीन खसरे कागदातून गायब होतात.

‘टेनंट’चं ‘भाडेकरू’ करणं तर सरळ नापास करण्याजोगं. पण ‘कूळ’ लिहिलं तरी पूर्ण बरोबर होत नाही, हे बऱ्याच जाणकारांच्याही लक्षात येत नाही. आज ‘कूळ’ म्हटलं की तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना विदर्भ विभागाचा १९५८ चा कूळवहिवाट कायदा आठवतो, आणि विक्रीची परवानगी घेतली होती का, अशी चौकशी सुरू होते. १९२५ च्या ॲब्सोल्यूट ऑक्युपन्सी टेनंटचा त्या कायद्याशी काही संबंध नव्हता. आमच्या मते एकच सुरक्षित वाट आहे: मूळ संज्ञा देवनागरीत जशीच्या तशी ठेवायची आणि पानाखाली एका ओळीत अर्थ द्यायचा. ‘मालिक मकबुजा’चंही तसंच. त्यातला ‘कब्जा’ ऐकून कोणी ‘कब्जेदार’ लिहिलं, की मालकाचा नुसता वहिवाटदार होऊन बसतो.

‘सीर लँड’बद्दलही एक सूचना. मालगुजाराची घरची जमीन ती सीर. तिच्या शेजारी ‘खुदकाश्त’, म्हणजे मालगुजार स्वतः कसायचा, पण सीर न ठरलेली जमीन. रोमन लिपीत ‘सीर’ची अक्षरं ‘सर’सारखी दिसतात, आणि ‘सर यांची जमीन’ असं मराठी झालेलं आढळतं. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी सरकारजमा झाली तेव्हा घरची शेती मालगुजारांकडे राहिली. म्हणून सीर की रयतीची, यावर पुढचा सगळा हक्क उभा असतो.

पुढचा हक्क मात्र जुन्या शब्दावरून परस्पर काढू नये. १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेनं भूमिस्वामी आणि भूमिधारी असे वर्ग केले, १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं भोगवटादार वर्ग-१ आणि वर्ग-२ आणले. भाषांतरकारानं ‘ऑक्युपन्सी टेनंट’चं थेट ‘भोगवटादार वर्ग-२’ केलं, तर ते भाषांतर नाही, निकाल आहे, आणि तो द्यायचा अधिकार त्याला नाही. तो दुवा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि त्यानंतरचे फेरफार लावून सिद्ध करायचा असतो.

१९६६ च्या संहितेतला ‘टू होल्ड लँड’ही बघण्यासारखा आहे. दुसऱ्या कलमात त्याची व्याख्या कायदेशीरपणे जमीन कब्जात असणे अशी आहे, मग तो कब्जा प्रत्यक्ष असो वा नसो. वावर मक्त्यानं दिलं, पेरतो दुसराच, धनी पुण्याला. तरी धारक धनीच. म्हणून इथे ‘धारण करणे’ हाच शब्द लागतो. ‘ताबा’ लिहिलं की पेरणारा हक्क सांगायला मोकळा.

‘फ्री फ्रॉम ऑल लीन्स अँड एन्कम्ब्रन्सेस’ या ओळीवर जवळपास सगळे घसरतात, आणि दोष पूर्णपणे त्यांचा नाही. लीन म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्या येण्यापोटी अडकवून धरण्याचा हक्क; लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा अर्थ बंधन. शासकीय मराठीत, नोकरीच्या नियमांत, लीनला ‘धारणाधिकार’ म्हणतात. मिळकत पत्रिकेवर ‘धारणाधिकार’ हाच रकाना टेन्युअरसाठी असतो, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं धरली आहे ते सांगायला. आता कोश उघडून बसलेल्या टायपिस्टानं ‘सदर जमीन सर्व धारणाधिकारांपासून मुक्त आहे’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की विकणाऱ्याकडे जमिनीचा हक्कच नव्हता. मराठी दस्तात याला पक्का शब्द आहे: ‘कोणाचाही बोजा, गहाण, अडकाव नाही’. तकावीचं, म्हणजे शेतीसाठी सरकारनं दिलेलं, किंवा सोसायटीचं कर्ज असेल तर तेही याच ओळीत येतं, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याचा माग निघतो.

गहाणाच्या दस्तांत धरण्याचे प्रकार वाढतात. जमीन गहाण घेणाऱ्याच्या हातात गेली तर कब्जेगहाण, हातात गेली नाही तर नजरगहाण, आणि ‘मुदतीत पैसे दिले तर परत, नाही तर खरेदी कायम’ असं असेल तर ती मुदत खरेदी की गहाण, हा प्रश्न. मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या १९२९ च्या दुरुस्तीनंतर परतीची अट त्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण धरत नाहीत. म्हणून भाषांतरात ती अट कोणत्या कागदावर आहे, मूळ दस्तात की वेगळ्या करारात, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘मॉर्टगेजी इन पझेशन’साठी ‘गहाणदार’ एवढंच लिहू नये. गावात हा शब्द दोन्ही बाजूंना लावतात. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ ही जुनी जोडी इथे सोन्यासारखी कामाला येते. कब्जेगहाण जुनं झालं म्हणून सोडून देऊ नये. गहाण सोडवण्याची मुदत १९०८ च्या मुदत कायद्यात साठ वर्षं होती, १९६३ च्या कायद्यात तीस झाली; पण कब्जेगहाणात नुसती वर्षं उलटली म्हणून हक्क बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे ‘पझेशन’चा तो एक शब्द कसा उतरतो, यावर कधी कधी अख्खं वावर अवलंबून असतं.

‘होल्डिंग ओव्हर’ म्हणजे भाडेपट्ट्याची मुदत संपूनही भाडेकरूनं जागा धरून राहणं आणि मालकानं भाडं घेत राहणं. ॲप त्याचं ‘धरून ठेवणे’ करतं. दुकानगाळ्याच्या कागदात ‘मुदतीनंतर चालू ठेवलेला कब्जा’ लिहावं. शेतीच्या पट्ट्याला मालमत्ता हस्तांतर कायद्याचं भाडेपट्ट्याचं प्रकरण सरसकट लागू नाही, म्हणून तिथे हा शब्द आला तर वकिलाला दाखवावं.

‘टेनेमेंट्स, हेरेडिटामेंट्स अँड अपर्टनन्सेस’ या लांबलचक माळेला घाबरण्याचं कारण नाही. टेनेमेंट म्हणजे इथे चाळीतली खोली नाही, धरता येईल अशी कोणतीही स्थावर मिळकत. हेरेडिटामेंट म्हणजे वारसानं जाणारी. अपर्टनन्स म्हणजे जमिनीला चिकटून येणारं सगळं: विहीर, धुऱ्यावरची झाडं, पांदणीनं बंडी नेण्याचा हक्क, पूर्व विदर्भात असाल तर बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं पाणी. आपल्या जुन्या दस्तांत याला ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह दरोबस्त’ अशी झकास ओळ आहे. ज्यानं ती वापरली त्याला आम्ही मार्क देऊ, पण एका अटीवर: मूळ दस्तात ‘एक्सेप्ट द वेल’ किंवा मोहाची झाडं वगळल्याचं असेल, तर ते वगळणं मराठीतही ठळक दिसलं पाहिजे. रस्त्याच्या आणि पाण्याच्या हक्काची भांडणं याच ओळीत जन्मतात.

शब्द सगळे जमले आणि आकडा चुकला, असंही होतं. नागपूरकडच्या जुन्या कागदात क्षेत्र एकर आणि डिसिमलमध्ये असतं, वऱ्हाडात एकर आणि गुंठ्यांत. एकराचे डिसिमल शंभर, गुंठे चाळीस, म्हणजे एक गुंठा अडीच डिसिमल. ‘२.२५’ हे डिसिमलमध्ये वाचलं तर दोन एकर दहा गुंठे होतात, गुंठ्यांत वाचलं तर दोन एकर पंचवीस गुंठे. पंधरा गुंठ्यांचा फरक, आणि धुऱ्यावर तेवढ्यासाठी पिढ्या भांडतात. भाषांतरकारानं आकडा आहे तसा उतरवावा, एकक लिहावं आणि हेक्टरमधलं रूपांतर वेगळ्या कंसात द्यावं. परस्पर बदलू नये. हिश्शांचंही तसंच. ‘०-८-०’ म्हणजे सोळा आण्यांच्या गावातला आठ आण्यांचा हिस्सा, आठ रुपये नव्हेत. आणा बारा पैचा, म्हणजे पूर्ण गाव १९२ पैचं.

आता निवड. ॲप फुकट आहे आणि टाइप केलेल्या दस्ताचा ढोबळ आशय कळायला चालतं: कोणी कोणाला, कोणता मौजा, किती रक्कम. बोरूच्या वळणाचं हस्ताक्षर त्याला नीट वाचता येईलच असं नाही, आणि वाचता आलं नाही हे ते बहुधा सांगतही नाही. काहीतरी जुळवून देतं. जमा करायचा कागद त्यावर करू नये. झेरॉक्सवाला स्वस्त आणि झटपट, पण दाट हस्तलिखित फुलस्केप पान जाणकाराला दोन तास तरी खातं. वीस मिनिटांत पान हातात पडलं तर ते कुठून आलं हे विचारायची गरज नाही. अर्जनवीसाकडे वेळ लागतो, दर पानामागे जास्त असतो, पण खरेदी-गहाणाच्या शब्दांत तो भरवशाचा. मालगुजारीच्या संज्ञांत मात्र तरुण अर्जनवीसही अडखळतो. तिथे जमिनीचं काम करणाऱ्या जुन्या वकिलाची नजर घालून घ्यावी. आमची पसंती अशी: मसुदा अर्जनवीसाचा, तपासणी वकिलाची.

काम देताना मूळ दस्त हातातून सोडू नये. त्याची झेरॉक्स द्यावी. मूळ फाटलेला असेल तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढावी. त्याच्याकडच्या नोंदणीची सूची क्रमांक १ माणसांच्या नावावर असते, २ मिळकतीवर. वर्ष नक्की माहीत नसेल तर दोन्हींत शोध घ्यावा, कारण इंग्रजीत एकाच नावाची तीन स्पेलिंगं सापडतात. नक्कल आणि घरचा दस्त यांत फरक दिसला तर तो भाषांतरात नोंदवायला सांगावा, मिटवायला नव्हे. न वाचलेल्या जागी ‘अवाच्य’ लिहिलेलं असावं. ओळींना मूळच्या ओळीचे आकडे, नावं मूळ स्पेलिंगच्या उच्चाराप्रमाणे, खसरा किंवा सर्वे नंबर अंकी आणि अक्षरी, आणि शेवटी भाषांतरकाराची सही, नाव, तारीख. बरेच जण नोटरीचा शिक्का लागला म्हणजे झालं असं समजतात. नोटरी प्रतिज्ञापत्रावरची सही साक्षांकित करतो. ‘सीझ्ड’चं ‘जप्त’ झालं आहे की नाही, ते तो बघत नाही.

पैसे देण्याआधी टेबलावरच चार जागा ताडून पाहाव्यात: ‘सीझ्ड’, ‘टेनंट’, ‘लीन’ आणि क्षेत्राचं एकक. चारही बरोबर असतील तर बाकी पानं शांतपणे घरी वाचता येतात. एक जरी चुकलं असेल, तर दुरुस्ती तिथेच करून घ्यावी, कारण दाखल झालेला कागद मागे घेणं हे नवं भाषांतर करण्यापेक्षा महाग पडतं.